खरी अनाथ

"बाबा, यातला एक फ्रॉक माझ्या मापाचा शिवा," तादाला म्हणाली.

मी मशीनवर होतो. मांडीवर निळ्या कापडाचा ढीग, तोंडात टाचण्या. त्यामुळे नुसती मान वर करून 'कशाला' असं विचारलं.

"मी तिकडे राहायला जाणार आहे. बालगृहात."

टाचण्या काढून तळहातावर घेतल्या. "तिथे अनाथ मुलं राहतात."

"मग मी कोण आहे?"

बाजाराचा दिवस, भर दुपार आणि दुकानाचा व्हरांडा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ओळखीचा. माझ्या मशीनशेजारी टोमॅटो घेऊन बसणारी नाबांडाबाई फिसकन हसली. मग हसायला नको होतं असं वाटून एक टोमॅटो उचलून उगाच पुसायला लागली.

"तू माझी मुलगी आहेस," मी म्हणालो.

"ते झालंच. पण अनाथ पण आहे ना? आईनंच सांगितलंय, मला जन्म देणारी आई दवाखान्यात वारली." तादालाने कमरेवर हात ठेवला. ही सवय तिने माझ्या बायकोची उचलली आहे. "आणि चिसोमोची आई वारलीय का? ती बघा, शेंगदाणे खातेय."

नाबांडाबाईच्या तोंडात खरोखरच शेंगदाणे होते. तिने चावायचं थांबवलं.

"तरी चिसोमोला पलंग आहे, बूट आहेत, रविवारी कोंबडी. आणि मी खरी अनाथ, तर मी घरी भांडी घासते. हा न्याय आहे का?"

मी शिंपी माणूस. टाचण्या परत तोंडात धरल्या आणि टीप मारायला लागलो. ती वाकडी गेली.

*

ते बालगृह रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे, डोंगराकडे. निळा पत्रा, निळं फाटक, मुलांना निळे कपडे. परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या लोकांनी बांधून दिलं आणि चालवायला पास्टर कालुआंच्या हाती सोपवलं. बांधलं तेव्हा खाटा भरपूर होत्या, गाद्या भरपूर होत्या, अनाथ तेवढे कमी पडले. आमच्याकडे अनाथ मूल असं वाटेवर पडलेलं सापडत नाही. आई गेली तर मावशी असते, मावशी गेली तर आजी. आजी कावते, शिव्या देते, पण मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा ऊन गोळा पोराच्या हातावर ठेवल्याशिवाय स्वतः खात नाही. रिकाम्या खाटा बघून पास्टर हवालदिल झाले. परदेशातून पाहुणे यायचे होते, त्यांना काय गाद्या दाखवायच्या?

मग ते घरोघर हिंडले. शाळेची फी आम्ही भरू, कपडे आम्ही देऊ, कोंबडी, पलंग, मच्छरदाणी. अडचण एकच होती. आईबाप कागदावर मेलेले असायला हवेत.

बऱ्याच जणी मेल्या. नाबांडाबाई सगळ्यांत आधी मेली. तिचा नवरा जोहान्सबर्गला कामाला गेला तो गेलाच, आणि टोमॅटोवर चिसोमोची शाळा होण्यासारखी नव्हती. पाहुण्यांची गाडी येणार असली की या सगळ्या मेलेल्या बायकांनी रस्त्यावर दिसायचं नाही, असा पास्टरांचा नियम. त्या दिवशी नाबांडाबाई टोपलीवर कमरेला गुंडाळायचं एक रंगीत चितेंजे झाकायची आणि मला म्हणायची, "तादालाचे बाबा, माझ्या टोमॅटोकडे जरा बघा हं. आज मी मेलेली आहे." मग गिरणीच्या मागे बाकीच्या मेलेल्या बायकांबरोबर गप्पा हाणत बसायची. त्यांचं हसणं इथपर्यंत ऐकू यायचं.

आणि या सगळ्या अनाथांचे कपडे शिवायचो मी. हेच माझं मोठं गिऱ्हाईक. मग मी कोणाला नावं ठेवणार?

तादाला आमच्याकडे आली त्याची गोष्ट लहान आहे. माझी बायको फालेसी सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे. सीमेपलीकडून एक बाई एकटीच चालत आली, बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिची भाषासुद्धा कुणाला नीट कळली नव्हती. फालेसीने ते मूल पाठीशी बांधून घरी आणलं. म्हणाली, "दोनच दिवस हो. तिचे नातेवाईक येईपर्यंत." ते नातेवाईक अजून यायचे आहेत. तादालाने फारच डोकं उठवलं की मी दाराबाहेर जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतो आणि फालेसीला विचारतो, "आले का गं ते?"

आम्हाला दुसरं मूल नाही. मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहून आम्ही तिला रीतसर दत्तक घेतली. बाजारातले लोक हसले. पोर वाढवायला शिक्का कशाला लागतो? फालेसी म्हणाली, "असू दे शिक्का. शिक्का उसवत नाही." आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं. फालेसीच्या भावाने तिला मांडीवर घेऊन कुळाचं नाव दिलं, मामा म्हणून तो तिच्या कानात काहीतरी पुटपुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाजूला उभा होतो. आमच्यात बाप बाजूलाच उभा असतो.

पण पुढचा त्रास मला कुणी आधी सांगितला नव्हता. एक पोर घरात घेतलं की लोकांना वाटतं, यांनी दयेचं दुकान टाकलंय. कुणाची भाची, कुणाच्या मयत भावाचे जुळे, कुणाला नवीन लग्न करायचं म्हणून नकोसा झालेला मुलगा. सकाळी दार उघडावं तर दारात मूल आणि मुलामागे काकुळतीला आलेली म्हातारी. नाही म्हणताना माझी मलाच चीड यायची, आणि नाही म्हणायची वेळ आणणाऱ्यांची त्याहून जास्त. वर लोक म्हणायचे, तुम्ही देवाचं काम करताय. देवाचं काम कसलं! हिचा कान दुखायचा तेव्हा खांद्यावर घेऊन येरझारा घालायला देव आल्याचं मला आठवत नाही.

*

संध्याकाळी फालेसी कामावरून आली. मी चुलीपाशीच सगळं सांगितलं. तादाला विहिरीवर गेली होती.

"जाऊ दे तिला," फालेसी पीठ घोटता घोटता म्हणाली.

"जाऊ दे? अगं, ती अनाथ म्हणून नाव घालतेय स्वतःचं! आपण इथे जिवंत बसलोय!"

"ओरडू नका, मी बहिरी नाही. तिची मैत्रीण तिकडे आहे. तिकडे झोपाळा आहे. बारा वर्षांच्या पोरीला आणखी काय लागतं? आपण अडवलं तर आयुष्यभर त्या निळ्या पत्र्याकडे बघत बसेल आणि आपल्या नावाने खडे फोडेल. बालगृह आहे ते, मगरीचं तोंड नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शिंप्याने एक पोर घेतलं तेही सांभाळता आलं नाही." तिने लाकडी पळी भांड्याच्या काठावर आपटली. "म्हणू देत. लोकांच्या तोंडाला काही तुम्हाला टाके घालता येत नाहीत."

तिचा आवाज कोरडा होता. पण त्या दिवशी न्सिमात गुठळ्या राहिल्या. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

मी फ्रॉक शिवला. पास्टर कापड इतकं मोजून देत की बाकीच्या मुलींच्या फ्रॉकला खाली दुमडायला बोटभर जागा उरायची नाही. तादालाच्या फ्रॉकला मी चांगली चार बोटं माया ठेवली. कापड कमी पडलं ते माझ्या पदरचं घातलं, रंग जुळवून. वाढत्या अंगाची पोर, आणि परत मापाला माझ्याकडे येईल की नाही, कुणी सांगावं.

पास्टर कालुआ तिला बघून भलतेच खूश झाले. वाईट माणूस नव्हता तो. घाबरट होता, आणि घाबरट माणसाला चांगलं काम करायला दिलं की तो खोटं बोलायला लागतो. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तादालाचे बाबा, माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरवलंत! एक तरी खरी अनाथ आली. दवाखान्याचा दाखला आहे, सगळं चोख आहे. कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगू शकेन."

"आणि मी कोण म्हणून सांगाल?"

त्यांनी हात सोडला. "त्या परदेशी लोकांना गुंता झेपत नाही हो. आई वारली, पण आई आहे. अनाथ आहे, पण बाप आहे... गोंधळतील बिचारे. तुम्ही इथे येतच असता मापं घ्यायला. तुम्ही आपले नुसते शिंपी."

तादाला चिसोमोचा हात धरून झोपाळ्याकडे पळाली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पायवाटेने खाली आलो. वाटेत जो भेटला त्याच्याशी भांडलो. एका शेळीशीसुद्धा.

*

पाहुणे आले त्या दिवशी मला मशीनसकट वर बोलावलं होतं. मुलींच्या कॉलरना पांढरी झालर लावायची, असं पास्टरांच्या मनात आयत्या वेळी आलं होतं. मशीन हातगाडीवर घालून नेलं. हॉलच्या व्हरांड्यात बसून झालरी लावत होतो तोवर गाडी आली. दहा-बारा परदेशी माणसं, घामाघूम, चेहऱ्यावर सतत हसू. गाणी झाली, नाच झाला. मग मुलांनी एकेक करून पुढे यायचं आणि आपली कहाणी सांगायची.

चिसोमोने छान सांगितली. आई तापाने गेली, वडील खाणीत गेले. तिला रडूही छान येतं. माझ्या डोळ्यांपुढे शेंगदाणे खाणारी नाबांडाबाई होती, तरी मीच बाहीने डोळे पुसले.

मग तादाला पुढे आली. फ्रॉक तिला शोभत होता. इंग्रजी तिचं वर्गात सगळ्यांत चांगलं.

"मी जन्मले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी आई वारली," ती म्हणाली. "ती लांबून चालत आली होती. तिचं नाव कुणाला माहीत नाही."

मघाशी खोटं ऐकून रुमाल काढणारे आता खरं ऐकून रुमाल काढायचे विसरले.

"आणि मग तुझं कोण होतं, बाळ?" पास्टरांनी पाठ करून घेतलेला प्रश्न विचारला.

तादाला माझ्याकडे बघत होती. सरळ. माझ्या गळ्यात टेप, पायाखाली मशीनचं पायडल.

"कुणीच नाही," ती म्हणाली.

मी मशीन चालवत राहिलो. झालर संपली होती तरी नुसत्या कापडावर टीप मारत राहिलो. मशीनचं एक बरं असतं, पाय हलत राहिले की माणूस कामात आहे असं दिसतं.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांपैकी एक पिकल्या केसांची दणकट बाई माझ्याकडे आली. हातात बंद तुटलेली पिशवी. मागे पंधरा-सोळा वर्षांची एक काळी मुलगी, कानांत गाणी ऐकायची यंत्रं घातलेली, तोंड लिंबू चावल्यासारखं.

"हे शिवता येईल का?" बाईंनी विचारलं. त्यांचं नाव मार्गिट.

"येईल. बसा."

"ही माझी मुलगी, सेलाम. इथिओपियातली. लहान असताना दत्तक घेतली." बाई बाकावर अशा बसल्या की जणू सकाळपासून बसायलाच मिळालं नव्हतं. "हिला मुद्दाम घेऊन आले. म्हटलं, आपला खंड बघेल, बरं वाटेल. तर विमानतळावरच म्हणाली, माझा देश इथून पार तिकडे वर आहे. तुला घरी नेते म्हणून कुणी भलत्याच देशात उतरवलं तर तुला चालेल का?"

"बरोबरच आहे की तिचं."

"बरोबर असतं हो! तिचं नेहमी बरोबरच असतं! तोच तर त्रास आहे." बाईंनी मान पुसली. "लोक मला म्हणतात, केवढं मोठं मन तुमचं. मन कसलं, मोठा आवाज लागतो. रोज सकाळी हिचे मोजे शोधायला. जगातल्या अनाथांना मदत करायला मी इथवर आले, आणि घरातली एक आहे ती मला तिचे केस विंचरू देत नाही."

मला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "आमच्याकडे मोजे नाहीत. पण आवाज लागतो."

"तुमचीही दत्तक?"

"हो. तुम्ही माझे खरे बाबा नाही, असं दर मंगळवारी सांगते. मंगळवारी शाळेत गणित असतं."

"फक्त मंगळवारी? नशीबवान आहात. कुठे असते ती?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. घरी असते म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण आपल्यासारखंच कुणीतरी वैतागलेलं भेटलं की माणसाची जीभ सैल होते.

"ती काय. झोपाळ्याच्या डाव्या अंगाला उभी आहे."

बाईंनी पाहिलं. "पण ती तर म्हणाली, तिला कुणीच नाही."

"तो 'कुणीच नाही' म्हणजे मी."

बाई मोठ्याने हसल्या. मीही हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या.

"आणि बाकीच्या मुलांचे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी दोरा दातांनी तोडला. "मला काय माहीत? मी नुसता शिंपी."

पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. मी वळून पाहिलं. कुंपणाला बांबूच्या काठ्या आहेत आणि काठ्यांमध्ये फटी आहेत. त्या फटींतून लाल, पिवळी, हिरवी चितेंजे दिसत होती. गिरणीच्या मागे बसून कंटाळलेल्या मेलेल्या बायका पोरांची गाणी ऐकायला कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. चिसोमो फटीत तोंड घालून कुणाला तरी आपले मोजे दाखवत होती.

मार्गिटबाई उठल्या आणि कुंपणाकडे चालू लागल्या. सेलामने कानातली यंत्रं काढली. पिशवी माझ्या हातातून घेतली, टाके निरखून बघितले आणि म्हणाली, "थँक्यू." तिची आई तिथे असती तर ती हे म्हणाली नसती, याची मला खात्री आहे.

*

पुढचं सगळं हळूहळू झालं. परदेशातून दोन माणसं आली, विचारपूस करून गेली. मग पैसे यायचे बंद झाले. मार्गिटबाई तिकडे भांडल्या म्हणे, की बालगृह नको तर नको, पण मुलांची फी त्यांच्या घरी पाठवा. पण आपण फसवले गेलो म्हणून ते लोक चिडले होते. चिडलेला माणूस सगळ्यांत आधी खिशातला हात बाहेर काढतो, आणि तो रिकामाच असतो. पास्टर कालुआ लिलाँग्वेला बहिणीकडे गेले. मुलं अंगावरचे निळे कपडे आणि एकेक ब्लँकेट घेऊन आपापल्या जिवंत आयांकडे परत आली.

एरवी अशा वेळी घराघरांत आनंद व्हायला हवा. झाला नाही. चिसोमोची वरच्या इंग्रजी शाळेतली फी थांबली. तिने रडून बघितलं, पण मुख्याध्यापक काही परदेशी पाहुणे नव्हते.

नाबांडाबाई सकाळी आली ती टोपली खाली न ठेवताच उभी राहिली.

"तुम्हीच बोललात ना त्या बाईशी?"

"तुम्ही कुंपणापाशी उभ्या होतात सगळ्या. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"दिसलं असतं, पण कळलं नसतं. कळवलंत तुम्ही."

"मी माझ्या मुलीबद्दल बोललो, नाबांडाबाई. तुमच्याबद्दल एक अक्षर नाही."

"तुम्हाला काय हो! तुमच्या पोरीची आई खरोखर मेलेली. तुमचं सगळं शिक्क्यानिशी." तिचा आवाज चढला, दुकानातली माणसं बाहेर आली. "माझ्याकडे खरं असं काय होतं? नवरा खोटा, शेत खोटं. एक खोटं तेवढं कामाचं निघालं होतं, माझी पोरगी शिकत होती त्याच्यावर. तेवढंही डोळ्यांत खुपलं तुमच्या. मी मेलेली होते तेच बरं होतं."

ती रस्ता ओलांडून पलीकडे सायकलवाल्याच्या शेजारी जाऊन बसली. तिकडे दुपारी कडक ऊन येतं. टोमॅटो लवकर मऊ पडतात. हे तिलाही माहीत होतं.

मी दिवसभर चिडचिड केली. पास्टरांवर चिडलो, परदेशी लोकांवर चिडलो, नाबांडाबाईवर चिडलो. माझ्या जिभेवर तर चिडलोच. नेमकं कुणाचं चुकलं हे मला कुणी सांगितलं असतं, तर त्याच्या घरी जाऊन मी भांडून आलो असतो. पण दरवेळी हिशेब करून बघावा तर प्रत्येकाने कुठल्यातरी पोराचं भलंच करायला घेतलेलं.

आणि तादाला? ती आलीच नाही. बालगृहात राहायचा हक्क असलेली ती एकटीच मुलगी उरली होती. तिचे कागद चोख होते, त्यामुळे तिला जा म्हणायला कुणाकडे कारण नव्हतं. स्वयंपाकीणबाईंचा पगार थकला होता, पण त्यांनाही दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्या लांबलचक खोलीत ओळीने रिकाम्या खाटा, आणि एका खाटेवर आमची मुलगी. हा हट्ट तिने कुणाचा उचलला, तर फालेसीचा. फालेसीच मला म्हणाली होती, जाऊ दे म्हणून. आता रविवारी टोपात मासळीचं कालवण घेऊन स्वतः वर जायची, आणि आली की माझ्याशी बोलायची नाही.

"कशी आहे?" मी विचारायचो.

"पाय आहेत ना तुम्हाला? जाऊन बघा."

मी गेलो नाही. 'कुणीच नाही' माणूस कुणाला भेटायला जाणार?

*

ती आली ती एका संध्याकाळी. आम्ही जेवायला बसलो होतो. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत ब्लँकेट. पेटी धाडकन खाली ठेवली.

"स्वयंपाकीणबाई गेल्या आज," ती म्हणाली. "आणि मी परत आले म्हणजे तुम्ही जिंकलात असं समजू नका."

"हात धू," फालेसी म्हणाली. "न्सिमा गार होतोय."

तादालाने हात धुतले, बसली, पहिला घास घेतला. मग दुसरा. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. बारीक झाली होती.

"तुम्ही का नाही उठलात?" तिने एकदम विचारलं.

"कधी?"

"त्या दिवशी. मी 'कुणीच नाही' म्हणाले तेव्हा."

"अगं, तूच तर म्हणालीस!"

"पास्टरांनी पाठ करून घेतलं होतं. मी तुमच्याकडे बघून म्हणाले. मला वाटलं, आता मशीन थांबेल. आता तुम्ही उठाल आणि सगळ्यांसमोर ओरडाल. घरी तर केवढे ओरडता! एवढंसं मीठ जास्त झालं तरी ओरडता." ती रडत नव्हती, तिला राग आला होता. "मशीन चालूच होतं. मग म्हटलं, असू दे. खरंच नसेल कुणी."

मला इतका संताप आला की घास हातातच राहिला. पोरगी आपल्याला कुणी नाही असं भर सभेत सांगते, आणि बापाने ते ऐकून उठून उभं राहायचं! हे बापाला कळणार कसं? कुठल्या मॅजिस्ट्रेटने आम्हाला हे सांगितलं होतं? शिक्का मारताना त्या माणसाने नाव, वय, धंदा सगळं विचारलं. हे मात्र बोलला नाही.

"मला वाटलं, मी उठलो तर तुझी कोंबडी जाईल," मी म्हणालो.

"कोंबडी चिवट असायची," तादाला म्हणाली.

फालेसी उठून चुलीकडे गेली. पाठमोरी उभी राहून बराच वेळ कसलंसं भांडं घासत होती, जे आधीच घासलेलं होतं.

मंगळवारचं भांडण दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं. मी तिचा खरा बाप नाही. मी तिला गणित समजावून सांगू शकत नाही. माझ्या घोरण्याने तिला झोप लागत नाही. मीही ओरडतो. आता जरा जास्तच ओरडतो. कोण जाणे, कधी ऐकू जायचं राहील.

नाबांडाबाई अजून पलीकडेच बसते. चिसोमो शाळा सुटली की तिच्याजवळ येऊन टोमॅटोच्या राशी लावते. साधीच शाळा आहे, एका वर्गात शंभर मुलं. कधीकधी ऊन उतरल्यावर तादाला वह्या घेऊन रस्ता ओलांडते आणि दोघी सायकलवाल्याच्या सावलीत डोकी एकत्र करून बसतात. त्यांचं भांडण नाही. आमचं आहे. मी दोनदा टोमॅटो आणायला तिकडे गेलो. तिने चांगले निवडून दिले, वर एक जास्तीचा टाकला, आणि एक शब्द बोलली नाही.

चिसोमोचा तो निळा फ्रॉक आता रोजच्या वापरात आहे. खांद्याशी फाटला होता. मला वाटलं, शिवायला इकडे आणतील. मी निळं रीळ वर काढून ठेवलं होतं.

काल संध्याकाळी दोघी घरी निघाल्या. नाबांडाबाई पुढे, डोक्यावर टोपली. चिसोमो मागे. माझ्या व्हरांड्यासमोरून गेल्या तेव्हा पोरीचा खांदा दिसला. बाजाराच्या त्या टोकाला बसणाऱ्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. लांब लांब टाके, निळ्या कापडावर पांढरा दोरा.